वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह आणि मामाची बोट

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी होतं, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि माझं कधी पटलं नाही. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख लिहीन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. चहा! मागच्या सेमिस्टरला आमच्या लेडीज हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर अचानक तपासणी झाली आणि रेक्टर मॅडमनी खोकं भरून कॉइलच्या शेगड्या नेल्या. त्यातली एक माझी. मी आपली बाजू मांडायला गेले. म्हटलं, "मॅडम, इलेक्ट्रिक आहे. जाळ नाही, गॅस नाही. एकदम सेफ आहे." मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "सेफ म्हणजे काय, ते मला एका पानावर लिहून दे. इंजिनिअर होणार आहेस ना?"

मैत्रिणी हसल्या. मला मात्र खरंच शरम वाटली, कारण या प्रश्नाचं उत्तर मी त्याआधीच्या सुट्टीत चांगलं हात काळे करून शिकले होते आणि परत येऊन सोयीस्कर विसरले होते. ते उत्तर एका पानात मावलं नाही, म्हणून हा लेख.

बोटीवरचं स्वयंपाकघर

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण इतके महिने ते जेवण कुठे आणि कसं करत असतील, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मलाही पडला नव्हता.

सेकंड इयर संपल्यावर मी मामाकडे गेले. मामा-मामी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा अमेरिकेत मेरीलँड राज्यात अ‍ॅनापोलिसजवळ राहतात. गाव चेसापीक उपसागराच्या काठावर आहे. पुण्यात जशा दुचाकी तशा तिथे शिडाच्या बोटी. मामाने एक जुनी बोट घेतली होती. १९७८ साली बांधलेली, सत्तावीस फुटांची, फायबरग्लासची. नवी बोट परवडण्याचा प्रश्नच नव्हता. ही सेकंडहँड गाडीच्या भावात मिळाली होती आणि सेकंडहँड गाडीसारखीच रोज काहीतरी मागत होती.

बोटीवरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. मामाच्या बोटीची गॅली म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या कपाटाएवढी जागा. एक सिंक, एक बर्फाची पेटी आणि दोन बर्नरचा स्टोव्ह. शिडाची बोट वाऱ्याने एका बाजूला कलते आणि तासन् तास कललेलीच राहते. मग आमटी सांडू नये म्हणून स्टोव्ह दोन बाजूंच्या खिळ्यांवर झोपाळ्यासारखा टांगलेला असतो. बोट कलली तरी स्टोव्ह सपाट राहतो. याला गिंबल म्हणतात. शिवाय पातेलं घसरू नये म्हणून बर्नरभोवती कठडा आणि पातेल्याला धरणारे लोखंडी चिमटे असतात.

हा स्टोव्ह स्पिरिटवर चालणारा होता. स्पिरिट म्हणजे इथेनॉल, आणि ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखं विष मिसळलेलं असतं. शाळेच्या लॅबमधल्या स्पिरिटच्या दिव्यात असायचं तेच. त्या काळच्या अनेक अमेरिकन बोटींवर असे स्टोव्ह बसवले जात, कारण एकच सांगितलं जाई: स्पिरिट पाण्यात विरघळतं, त्यामुळे आग लागली तर पाण्याने विझते, आणि बोटीभोवती पाण्याला काय तोटा! ऐकायला किती छान वाटतं ना?

त्या संध्याकाळी काय झालं

पहिल्याच शनिवारी आम्ही उपसागर ओलांडून सेंट मायकल्स या गावाजवळच्या एका खाडीत नांगर टाकला. ऊन अजून होतं. मामीने चहाचं आधण ठेवायचं ठरवलं आणि मामा स्टोव्ह पेटवायला बसला.

आता हा स्टोव्ह पेटवायची पद्धत ऐका. टाकीत स्पिरिट भरायचं, हातपंपाने हवा मारून दाब द्यायचा. बर्नरच्या खाली एक छोटी वाटी असते, तिच्यात थोडं स्पिरिट सोडून ते पेटवायचं. त्या जाळाने बर्नर तापला की मुख्य व्हॉल्व्ह उघडायचा. मग तापलेल्या बर्नरमध्ये स्पिरिटची वाफ होते आणि ती वाफ निळी जळते.

ज्यांच्या आजीकडे पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. काकडा भिजवून बर्नरला लावायचा, बर्नर तापला की पंप मारायचा, मग भर्रर्र आवाज. तत्त्व अगदी तेच. रॉकेलचा तो स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी बनवला आणि 'प्रायमस' नावाने जगभर गेला. म्हणजे मामाच्या बोटीवर आजीचाच स्टोव्ह होता, फक्त रॉकेलऐवजी स्पिरिट.

या पद्धतीत एक मेख आहे. बर्नर पुरेसा तापला नसेल तर वाफ होत नाही, दाबाखालचं द्रव स्पिरिट तसंच बाहेर उडतं आणि त्याचा भडका होतो. दुसरी मेख त्याहून वाईट. स्पिरिट इतकं स्वच्छ जळतं की ज्योतीत काजळीचे कण जवळजवळ नसतात. ज्योत पिवळी दिसते ती त्या तापलेल्या कणांमुळे. कण नाहीत म्हणून स्पिरिटची ज्योत फिकट निळी, आणि उन्हात तर दिसतच नाही.

मामाला वाटलं वाटीतला जाळ विझला. त्याने पुन्हा थोडं स्पिरिट सोडलं. जाळ विझलेला नव्हता.

भडका खिडकीच्या पडद्यापर्यंत गेला. पडदा मामाच्या मुलाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. मामीने प्रसंगावधान राखून सिंकमधला मग भरून पाणी फेकलं, आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं की आग पाण्याबरोबर ओट्यावरून वाहत बर्फाच्या पेटीवर आली आणि तिथून थेंब थेंब खाली फळीवर पडायला लागली. शेवटी मामाने ओला टॉवेल दाबून धरला तेव्हा विझली. सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. मामीच्या मनगटावर रुपयाएवढा फोड आला. मुलगा वर डेकवर जाऊन बसला, तो रात्रीपर्यंत खाली यायला तयार नव्हता.

मामी फोडावर गार पाणी सोडत होती. ती शांतपणे म्हणाली, "या स्टोव्हवर आता मी चहासुद्धा करणार नाही. नवा आण, नाहीतर बोट वीक."

पाण्याने विझतं, पण...

त्या रात्री मला झोप आली नाही. पाण्याने विझतं म्हणतात ते खोटं होतं का? खोटं नव्हतं, अर्धवट होतं.

द्रव ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सोडायला लागतं त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. निम्मं पाणी मिसळलं तर तो साधारण २४ अंशांवर जातो. म्हणजे जून महिन्याच्या उकाड्यात एक कप स्पिरिटवर एक कप पाणी घातलं तरी ते मिश्रण पेटूच शकतं. चौपट पाणी घातलं तेव्हा कुठे फ्लॅश पॉइंट ३६ अंशांच्या घरात जातो. थोडं पाणी म्हणजे आग विझवणं नव्हे, आगीला चालायला वाट करून देणं. विझवायचं तर भरपूर पाणी हवं आणि तेही हळू ओतलेलं, नाहीतर फायर ब्लँकेट किंवा ओला जाड कपडा टाकून हवा तोडायची. आणि ते ब्लँकेट स्टोव्हच्या मागे नको, अशा जागी हवं की घ्यायला जाळावरून हात न्यावा लागणार नाही. मामाच्या बोटीवर फायर एक्स्टिंग्विशर होता. कुठे? स्टोव्हच्या बरोबर मागे!

माझा तक्ता

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "अगं, तू मेकॅनिकलची ना? सांग कोणता घेऊ." झालं! मी वही घेतली आणि तक्ता मांडला. एक किलो प्रोपेन म्हणजे आपल्याकडच्या एलपीजीचा भाऊच, जळला की साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता देतो. रॉकेल ४३. इथेनॉल फक्त २७, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणजे ते थोडं जळून आलेलंच इंधन आहे.

एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला ३१४ किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता पातेल्याच्या बाजूने वाया जाते असं धरलं तर सुमारे १४ ग्रॅम प्रोपेन पुरतो आणि स्पिरिट मात्र २३-२४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३० मिलिलिटर लागतं. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी स्पिरिट प्रोपेनपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार करतं. एक किलो स्पिरिट जाळलं की सव्वा किलोच्या जरा आत पाणी हवेत जातं. बंद केबिनच्या काचांवरून ते ओघळताना मी पाहिलं होतं.

वीज? इंडक्शनवर एक लिटर पाण्याला सुमारे ११० वॅट-अवर लागतात. पण १८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून चालवायची म्हणजे १५० अँपिअर, शिवाय इन्व्हर्टरमधला तोटा वेगळा. मामाच्या बोटीवर १०० अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या. त्या निम्म्याहून जास्त उतरवल्या तर लवकर मरतात. म्हणजे वापरायला मिळतात सुमारे १२०० वॅट-अवर, त्यातच दिवे, पंप आणि रेडिओ. चहा होईल, वरण-भाताचा कुकर दोनदा लावला की रात्री अंधार. लिथियम बॅटऱ्या आणि सोलर पॅनेल असलेल्या बोटींवर आता इंडक्शन चालतं, आणि जाळच नको असेल तर तेच उत्तर. पण त्यासाठी मामाला अख्ख्या बोटीचं वायरिंग बदलावं लागलं असतं.

माझ्या तक्त्यात गॅस पहिला आला. जास्त उष्णता, तापवायची कटकट नाही, ज्योत दिसते, गळला तर वास येतो. मी ठळक अक्षरात लिहिलं: 'एलपीजी, बेस्ट अँड सेफ.' मामा खूश. दुकानात जाऊन स्टोव्हची मापंसुद्धा बघून आला.

बादलीभर पाणी

मरीनामध्ये, म्हणजे बोटींच्या पार्किंगमध्ये, शेजारच्या बोटीवर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. आयुष्य समुद्रावर गेलेलं. मी त्यांना माझी वही दाखवली. त्यांनी ती वाचली, छान आहे म्हणाले, आणि विचारलं की सिलिंडर कुठे ठेवणार? मी मागच्या बाजूच्या डेकवरच्या सामानाच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "त्यात एक बादली पाणी ओत आणि ते कुठून बाहेर येतं ते मला सांग."

मी ओतलं. पाणी बाहेर आलंच नाही. खाली जाऊन फळी उचलली तर ते इंजिनाच्या शेजारी, बोटीच्या तळाशी साठलं होतं.

मला वाटतं माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खरं प्रॅक्टिकल. कारण प्रोपेनचं मोलर वजन ४४ आहे आणि हवेचं सरासरी २९. म्हणजे प्रोपेन हवेच्या दीडपट जड. घरातल्या स्वयंपाकघरात गळलेला गॅस दाराखालच्या फटीतून, खिडकीतून थोडा तरी निघून जातो, म्हणून तर गॅसचा वास आला की आई दारं-खिडक्या उघडते. पण बोट म्हणजे बुडाला भोक नसलेली वाटी. भोक नसणं हीच तिची लायकी! ती पाणी आत येऊ देत नाही आणि जड वायू बाहेर जाऊ देत नाही. जिथे पाणी गेलं तिथेच गॅस जाणार, आणि तिथे इंजिनाचा स्टार्टर आहे, बिल्ज पंप आहे, ठिणगी पडायला हवं ते सगळं आहे.

मी तिथेच बसून गणित केलं. हवेत प्रोपेनचं प्रमाण साधारण २.१ टक्के झालं की मिश्रण पेटू शकतं. फळीखालची पोकळी अर्धा घनमीटर धरली तर साडेदहा लिटर वायू पुरे. त्याचं वजन? सुमारे १९ ग्रॅम. दीड लिटर पाणी उकळायला जेवढा गॅस लागतो तेवढाच. सहा-सात जणींच्या चहाचा गॅस! आणि वास? गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात हे खरं, पण बंद फळीखाली साठलेला वास डेकवर बसलेल्या माणसाला कसा येणार?

याचा अर्थ गॅस बोटीवर वापरूच नये असा नाही. हजारो बोटींवर वापरतात. पण त्याला पूर्ण व्यवस्था लागते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था बोटींच्या बांधणीची मानकं ठरवते. त्यांचा गाभा असा: सिलिंडरचा कप्पा केबिनपासून पूर्ण बंद हवा, तो वरून उघडणारा हवा, आणि त्याच्या तळातून थेट बोटीबाहेर जाणारी नळी हवी. कप्प्यात प्रेशर गेज हवं. सिलिंडर उघडून बंद केला आणि काटा तीन मिनिटं जागचा हलला नाही तर गळती नाही. स्टोव्हजवळच्या बटणाने बंद होणारा विजेवरचा व्हॉल्व्ह हवा. कप्प्यापासून स्टोव्हपर्यंत मध्ये जोड नसलेला एकच होज हवा. तळाशी गॅस डिटेक्टर असला तर उत्तमच. स्टोव्ह असा हवा की ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होईल.

मामाच्या बोटीत हे करायचं तर डेक कापून नवा कप्पा बांधावा लागला असता. मामाने खर्चाचा अंदाज काढला आणि वहीचं पानच उलटलं.

माझा तक्ता चुकला नव्हता, आकडे सगळे बरोबर होते. पण मी इंधन जळतं तेव्हा काय होतं एवढंच मोजलं होतं. जळायच्या आधी ते निसटलं तर काय होतं, हा रकानाच मी काढला नव्हता.

आजीचा फोन

रविवारी आजीचा फोन आला. मामाने मामीच्या हाताचं सांगितलं नव्हतं, पण मुलाने सांगून टाकलं. आजीने आधी मामाला झापलं. मग मला म्हणाली, "अगं, आपल्याकडे दोन स्टोव्ह होते. पंपाचा तुझे आजोबा पेटवायचे, मी हात लावायची नाही. माझ्या शेजारणीचा पदर पेटला होता त्यावर. मी आपला वातीचा वापरायची. वेळ लागतो, पण वातीचा कधी अंगावर येत नाही."

मी फोन ठेवला आणि उड्याच मारल्या, कारण वातीचा स्पिरिट स्टोव्ह बाजारात असतो! स्वीडनचा ओरिगो या नावाचा फार प्रसिद्ध होता. त्याचं उत्पादन आता थांबलंय, पण त्याच तत्त्वावरचे दुसरे मिळतात.

त्यात टाकी नाही, पंप नाही, व्हॉल्व्ह नाही. स्टीलचा एक चपटा गोल डबा असतो. आत न जळणारं लोकरीसारखं शोषक द्रव्य भरलेलं आणि वर जाळी. त्यात साधारण सव्वा लिटर स्पिरिट मुरतं. ते मुरलेलं असतं, हिंदकळत नाही; डबा उलटा केला तरी धार लागत नाही. डब्याच्या तोंडावर एक सरकतं झाकण. झाकण जेवढं उघडाल तेवढी वाफ, तेवढी ज्योत. पूर्ण बंद केलं की हवा तुटते आणि विझतो. म्हणजे शाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यालाच स्टोव्ह केलंय. दाबच नाही, म्हणून द्रव स्पिरिट अंगावर उडण्याचं कारणच नाही.

दोष आहेत. तो मंद आहे. स्पिरिटची वाफही हवेपेक्षा जड असते आणि ती पेटू शकते, त्यामुळे तो काही साधूसंत नाही. ज्योत इथेही उन्हात दिसत नाही. भरताना एकच नियम, पण तो मोडायचा नाही: डबा पूर्ण गार झाल्यावर, स्टोव्हमधून काढून, केबिनबाहेर नेऊन भरायचा. गरम डब्यात स्पिरिट ओतणं म्हणजे त्या शनिवारचा प्रसंग पुन्हा. आणि वापर नसताना तोंडावर रबरी चकती ठेवायची, नाहीतर स्पिरिट उडून जातं आणि केबिनभर वास. कोणताही जाळ असो, खिडकी उघडी हवी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा.

पण तो निसटला तर? स्पिरिट तळाच्या पाच लिटर पाण्यात चमचाभर सांडलं तर विरघळून निरुपद्रवी होतं. इथे ते जुनं वाक्य खरं ठरतं, कारण इथे पाणी खरोखर भरपूर आहे.

बसवताना

जुना स्टोव्ह काढायच्या आधी टाकीचा दाब सोडला, उरलेलं स्पिरिट पत्र्याच्या कॅनमध्ये काढलं आणि तांब्याची नळी सोडवली. बर्नरचा जेट उघडला तर आतला वॉशर हाताला लागताच भुगा झाला. दुरुस्त करायचा विचार तिथेच संपला.

नवा स्टोव्ह निवडताना फक्त लांबी-रुंदी बघून चालत नाही. तो झुलणार असतो. खिळ्यापासून खालची कड २० सेंटिमीटर असेल तर ३० अंशांच्या कलण्याला ती १० सेंटिमीटर मागे जाते. तेवढी मोकळी जागा मागे नसेल तर स्टोव्ह ऐन वादळात भिंतीला आपटतो आणि पातेलं उडतं. आम्ही पुठ्ठ्याचा स्टोव्ह करून झुलवून बघितला, मगच खरा मागवला.

तो आला आणि नवीच गंमत. जुन्या स्टोव्हचं बिडाचं धूड जड होतं, नवा हलका. रिकामा असताना छान सरळ राहायचा. भरलेलं पातेलं ठेवलं की डोकं जड होऊन कोलमडायचा. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवलं: टांगलेली वस्तू सरळ राहायला तिचा गुरुत्वमध्य खिळ्यांच्या खाली हवा, आणि तो पातेल्यासकट मोजायचा. आम्ही खालच्या पत्र्याला पाणबुड्यांच्या कमरपट्ट्याची शिशाची वजनं बोल्टने लावली. दोन्ही बर्नरवर पाण्याने भरलेली पातेली ठेवून हाताने ढकललं. डुलला, आणि सरळ झाला. फायर एक्स्टिंग्विशर शिडीजवळ हलवला, ब्लँकेट त्याच्या शेजारी. पडदे मामीने काढूनच टाकले.

पहिला चहा मामीनेच केला. एक लिटर पाणी उकळायला मी घड्याळ लावलं: साडेनऊ मिनिटं. मी म्हटलं, "मामी, गॅसवर याच्या निम्म्या वेळात झाला असता." मामी म्हणाल्या, "होऊ दे उशीर. साडेनऊ मिनिटं मी याच्याकडे पाठ करून उभी राहू शकते." आणि मुलगा त्यांच्या शेजारी बसून बिस्किटं खात होता.

मॅडमना उत्तर

तर मॅडम, सेफ म्हणजे काय? वस्तू चांगली चालते तेव्हा ती कशी आहे, हा प्रश्न नाही. तीन प्रश्न आहेत. जे निसटणार ते कुठे जाणार? गेलेलं मला दिसणार का? आणि दिसलं तर माझा हात तिथवर पोचणार का? पंपाचा स्टोव्ह दुसऱ्या प्रश्नाला नापास झाला, गॅस पहिल्याला, आणि स्टोव्हमागचा एक्स्टिंग्विशर तिसऱ्याला.

आणि माझी कॉइलची शेगडी? ती २००० वॅटची होती. २३० व्होल्टला म्हणजे ८.७ अँपिअर. खोलीतलं सॉकेट ६ अँपिअरचं. त्यात एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर तिघींचे लॅपटॉप आणि चार्जर. उष्णता निसटत होती भिंतीतल्या वायरमध्ये. मला दिसत नव्हती आणि माझा हात तिथवर पोचणार नव्हता. शेगडी सेफच होती हो, भिंत नव्हती.

म्हणून मॅडम, शेगडी परत मागत नाही. पण प्रत्येक मजल्यावर १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट, त्याला स्वतःचा एमसीबी आणि एक कॉमन इंडक्शन, एवढं झालं तर लपवाछपवी आपोआप थांबेल. लोड कॅल्क्युलेशन मी करून देते. या वेळी निसटण्याचा रकाना आधी काढीन.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल